पेन्सिलीची छाप

आमच्या खापरात गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता गावाला लागून जातो. एकीकडे अक्कलकुवा आणि तळोदा, दुसरीकडे सागबारा-डेडियापाड्याचा गुजरात, आणि मागे सातपुडा. लहानपणी उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकून झोपायचो, तेव्हा झोप लागेपर्यंत गाड्यांचे आवाज मोजायचो. ट्रक कुठला, एसटी कुठली हे कुणालाही कळे. जीप ऐकू आली की मात्र मी उठून बसायचो, कारण जीप दोन-तीन प्रकारची असे आणि फरक आवाजात असे. हा फरक मला रस्त्यावरच्या गॅरेजातल्या मिस्तरींनी शिकवला. ते गाडीकडे पाठ करून बसत आणि म्हणत, ‘आयक ना भो. डोळे नंतर.’

ऐकायला लागायचं कारण घरातच होतं. वडिलांनी जुनी महिंद्रा जीप घेतली तेव्हा तिच्यात पेट्रोलचं इंजिन होतं, विलीजच्या घराण्यातलं ‘हरिकेन’. त्याची रचना मला आजही देखणी वाटते. हवा आणि पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकच्या कुशीत. अशा मांडणीमुळे ते इंजिन युद्धकाळातल्या जीपच्या इंजिनापेक्षा उंच झालं, आणि ते मावावं म्हणून विलीजच्या लोकांनी सीजे-३बी या जीपचं बॉनेटच वर उचललं. आपल्याकडे महिंद्राने हीच उंच कपाळाची जीप पुढे कित्येक वर्षं बनवली. आमच्या जीपचं पेट्रोल घराला परवडेना, म्हणून एका पावसाळ्यात ते इंजिन उतरलं आणि त्या जागी जुन्या बाजारातून आणलेलं डिझेल इंजिन बसलं. बॉनेट तेवढंच उंच राहिलं. ज्याच्यासाठी ते उचललं होतं तो घरातून निघून गेला होता, आणि कपाळ त्याची उंची धरून होतं. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. पण जीपच्या समोर उभं राहिलं की काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं, ते कशामुळे हे पुढे कळलं.

डिझेल इंजिन म्हणजे कुठलं, हा पुन्हा वेगळा प्रश्न. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरचा धंदा सुरू केला, आणि त्या ट्रॅक्टरच्या कुळातलं डिझेल इंजिन पुढे जीपमध्येही आलं. ते जड, संथ आणि दमदार. नांगर ओढणाऱ्या बैलासारखं ते एकेक पाऊल मोजून टाकी. नंतर आलं पूजोचं एक्सडीपी ४.९०. हे फ्रेंच, पण बनायचं आपल्या इगतपुरीत. त्याची मापं त्याच्या नावातच आहेत: चार सिलिंडर, आणि प्रत्येकाचा बोअर ९० मिलिमीटर. पिस्टनची धाव ८३ मिलिमीटर, म्हणजे धाव बोअरपेक्षा आखूड. म्हणून ते ट्रॅक्टरच्या भावापेक्षा चपळ फिरे आणि आवाज वरच्या पट्टीत जाई. आमच्या जीपमध्ये हे पूजो बसलं. देवगोईच्या घाटात मोलगीच्या बाजाराला निघालेली जीप वळणाआड असतानाच मिस्तरी सांगत, ‘ही ट्रॅक्टरवाली. आता दुसरा गिअर टाकेल.’ आणि ती टाके.

इंजिन बदललं तेव्हा वडील एसटीने धुळ्याला गेले. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी आमचा प्रत्येक सरकारी कागद धुळ्याला जाई आणि एक दिवस त्यातच जाई. आरसी बुकात जुन्या इंजिनाचा नंबर लाल शाईने एका रेघेने खोडलेला, शेजारी नवा नंबर, वर सही आणि गोल शिक्का. मागे चिकटवलेली कागदाची पट्टी, तिच्यावर चेसिस नंबरची छाप. कागद लोखंडावर धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. खोदलेले आकडे काळ्यात पांढरे उमटतात. वडिलांनी ती छाप मला काढू दिली होती. एका रेघेने खोडलेला नंबर खालून वाचता येत होता, ही गोष्ट माझ्या मनात फार पक्की बसली. जुना नंबर कुणी मिटवला नव्हता, तो फक्त सेवानिवृत्त झाला होता.

यानंतर कित्येक वर्षांनी पुण्याच्या मित्राचा फोन आला. त्याने एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली होती, एमजीए. हिच्याबद्दल बोलावं तेवढं थोडं आहे. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात ही बनली, एक लाखाहून थोड्या अधिक. त्यातल्या बहुतेक परदेशी गेल्या. ठेंगणी, दोन माणसांची, पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर एक लाट वाहत गेल्यासारखे तिचे खांदे. मित्राचं म्हणणं असं की गाडी घेताना सगळं पारखलं, पण आता एक जाणकार येऊन गेला आणि म्हणाला, हे इंजिन हिचं नाही. ‘तू ये,’ मित्र म्हणाला. ‘तू जीपचं ऐकून सांगायचास ना.’

मला स्पोर्ट्‌स कारचा गंध नव्हता. पण इंजिन कुणाचं हा प्रश्न माझ्या घरातला होता, म्हणून गेलो.

शेडमध्ये ती बॉनेट उघडून उभी होती. मित्राने आधी मला इंजिनाच्या उजव्या अंगाला बसवलेली धातूची छोटी पाटी दाखवली. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे नंबर वाचता येतात, नुसते जुळवायचे नसतात. सुरुवातीचा १५ हा आकडा म्हणजे पंधराशे सीसीचं माप. त्यानंतरचा जी म्हणजे एमजी. पुढे नंबराच्या आधी एच आला तर दाब जास्त, एल आला तर कमी. पाटीवर १५, जी, सगळं जागच्या जागी होतं आणि कागदांशी जुळतही होतं. मित्राच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता. मी मात्र पाटीपेक्षा पाटीच्या रिव्हेटांकडे बघत राहिलो. भोवतालच्या लोखंडावर साठ वर्षांचं तेल बसलं होतं आणि रिव्हेटांची डोकी त्या मानाने फार नवी होती.

इथे घराणं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. एमजीएत जे इंजिन आहे ते बीएमसीच्या ‘बी सिरीज’चं. बोअर ७३.०२५ मिलिमीटर, धाव ८८.९, म्हणजे बरोबर साडेतीन इंच, एकूण १४८९ सीसी. आता हाच आकडा कुठे ऐकला आहे? १४८९ सीसी हे आपल्या अ‍ॅम्बॅसेडरचं इंजिन. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सने १९५९ पासून हे इंजिन अ‍ॅम्बॅसेडरला दिलं. कलेक्टरची पांढरी गाडी आणि ही इंग्लिश चंचल बाई एकाच आजीच्या नाती आहेत. या घराण्यात पुढे बोअर वाढत गेला, १५८८, १६२२, मग १९६२ च्या एमजीबीत १७९८ सीसी, पण धाव साडेतीन इंच तीच. घरातल्या बायकांच्या नाकाची ठेवण पिढ्यान् पिढ्या टिकते तशी ती टिकली. इंग्लंडमधली एमजीबी १९८० मध्ये बंद झाली. उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसेडर २०१४ पर्यंत निघत राहिली आणि त्याच कुळाचं डिझेल इंजिनही तिच्यात होतं. माहेर मोडलं आणि सासरी वंश वाढला, असं काहीसं झालं. मला या गोष्टीचा खरोखर अभिमान वाटतो. बंगालच्या ओतशाळेत ओतलेलं लोखंड इंग्लंडच्या लोखंडानंतर तीन दशकं अधिक जगलं.

आणि याच कारणाने ओळख अवघड होते. भारतात एमजीएचं इंजिन फुटलं तर १९७० च्या दशकात माणूस काय करणार? आयात बंद, परकीय चलन मिळेना. पण कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे अ‍ॅम्बॅसेडरचं हाफ इंजिन पडलेलं. ते बसतं, कारण ते नात्यातलं आहे. बाहेरून दोघींत फरक फार थोडा. एमजीएला डाव्या बाजूला दोन एसयू कार्ब्युरेटर असतात, अ‍ॅम्बॅसेडरला एक. पण कार्ब्युरेटर काढून दुसऱ्या इंजिनावर लावता येतात. वरचं झाकण बदलता येतं, रंग देता येतो. जे सोडवता येतं ते साक्षीला उभं करता येत नाही, हे मी मिस्तरींकडूनच ऐकलं होतं. ते म्हणत, ‘जे पान्ह्याने निघतं त्याच्यावर इसवास ठेवू नको. जे ओतताना झालं ते बघ.’

आमच्याकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे जाणता माणूस घोड्याचा साज बघतच नाही. तो ओठ उचलून दात बघतो, मग हाताने मानेवरचे आणि कपाळावरचे भोवरे चाचपतो. साज कुणीही चढवतो. वय दातात असतं आणि लक्षण भोवऱ्यात असतं. रस्त्याने पलीकडे गेलं तर राजपिपळा लागतं. तिथले महाराज विजयसिंहजी यांच्या विंडसर लॅड या घोड्याने १९३४ ची इंग्लिश डर्बी जिंकली. अशा घोड्याचं कूळ पुस्तकात लिहून ठेवलेलं असतं, आईबापांसह. पण पुस्तक आणि घोडा यांची गाठ शेवटी कुणीतरी अंगावरच्या खुणा बघूनच घालतं. मी पुण्याच्या त्या शेडमध्ये बसलो होतो आणि डोक्यात सारंगखेडा होतं.

दुसऱ्या दिवशी हेड उतरवलं. मित्राला ते नको होतं. मी हट्ट धरला. घासलेटने धुऊन काजळी काढली. पिस्टनची डोकी खोलगट निघाली. जास्त दाबाच्या इंजिनाला अशी डोकी शोभत नाहीत. खोलगट डोक्याने वरची पोकळी वाढते, दाब उतरतो. आपल्याकडच्या त्या काळातल्या हलक्या पेट्रोलला ते मानवायचं, म्हणून घरगुती गाडीला असे पिस्टन देत. एमजीएचा दाब सुमारे ८.३ ला एक, आणि तिची ताकद सुरुवातीला ६८ अश्वशक्ती, पुढे ७२. अ‍ॅम्बॅसेडरची पन्नासच्या आसपास. मग व्हॉल्व्हची तोंडं मोजली. एमजीएची मोठी असायला हवीत, ही लहान होती. बोअर मोजला तर तो ७४ मिलिमीटरच्या वर थोडा, म्हणजे रीबोअर झालेला. त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. रीबोअरने मूळ माप खाल्लं जातं, आणि एकट्या बोअरवर बोट ठेवून फसलेले कितीतरी आहेत. पिस्टनही कधीही बदलता येतो. हेडही. एकेक गोष्ट सुटी घेतली तर प्रत्येकीला दुसरं उत्तर होतं. खाली कॅमशाफ्ट बघितला, त्याची उठाण मवाळ, घरगुती. आणि मग ब्लॉकवरची ती पाटी, जिचे रिव्हेट नवे. सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं. अ‍ॅम्बॅसेडर. अंगावर एमजीची पाटी.

मित्र बराच वेळ बोलला नाही.

मला वाईट कशाचं वाटलं ते इथे नीट लिहायला हवं. इंजिन अ‍ॅम्बॅसेडरचं आहे याचं मला तिळभर वाईट वाटलं नाही. उलट कुणीतरी ही गाडी मरू दिली नव्हती. खुद्द इंग्लंडमध्ये बीएमसी स्वतःच बदलीची इंजिनं विकायची, ‘गोल्ड सील’ नावाने, सोनेरी रंग दिलेली, आणि त्यांच्यावर स्वतःची वेगळी पाटी असे. कारखाना सांगत होता की हे बदलीचं आहे, आणि तरी चांगलं आहे. आजही गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून मूळ इंजिन नंबराचा दाखला मिळतो, तो दाखला जवळ ठेवून माणसं दुसरं इंजिन असलेली गाडी उघडपणे चालवतात. वाईट वाटलं ते पाटीचं. फुटलेल्या इंजिनावरची पाटी काढून नव्या इंजिनावर लावणारा माणूस बहुधा लबाड नसावा. कागदाशी नंबर जुळावा, आरटीओची चक्कर वाचावी, एवढाच त्याचा हेतू असेल. पण त्याने एका इंजिनाचं नाव दुसऱ्याला दिलं, आणि दुसऱ्याचं स्वतःचं नाव कायमचं गेलं. ते कुठल्या गाडीतून आलं होतं? त्या अ‍ॅम्बॅसेडरने कुणाला लग्नाला नेलं, कुणाला दवाखान्यात? ते आता कुणालाच कळणार नाही. लाल शाईची एक रेघ ओढून शेजारी खरं लिहिलं असतं तर दोन्ही राहिले असते. मोटार वाहन कायद्यातही असा बदल कळवून नोंदवून घ्यायची सोय आहे, आमच्या वडिलांनी ती वापरली होती. त्यांच्या एका दिवसाची किंमत मला त्या शेडमध्ये उमजली.

इंजिनाला नाव असणं म्हणजे काय, हे इंदूरच्या होळकरांच्या एका गाडीवरून सांगता येईल. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३५ मध्ये अमेरिकन ड्यूसेनबर्गच्या चेसिसवर लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी बांधली, होळकरांच्या संस्थानी रंगात, केशरी आणि काळी. ड्यूसेनबर्गच्या या गाड्या जगभर ओळखल्या जातात त्या इंजिन नंबराने. होळकरांची ती जे-५८५. चेसिस नंबर वेगळा आहे, पण बोलताना कुणी तो घेत नाही. जवळजवळ सात लिटरचं, एका ओळीत आठ सिलिंडर असलेलं इंजिन, सुपरचार्जरसह ३२० अश्वशक्तीचं. सुपरचार्जरच्या गाड्यांची खूण म्हणून बॉनेटच्या बाजूने बाहेर येणाऱ्या चकचकीत धुराच्या नळ्या सांगतात. पण त्या नळ्या साध्या गाड्यांनाही मागून लावता येत, आणि लोकांनी लावल्याही. म्हणजे इथेही साज आणि दात. ज्या गाडीचं नावच इंजिनावरून आहे तिचं इंजिन बदललं तर गाडीला काय म्हणायचं? मला उत्तर सुचलं ते आमच्याकडच्या बायकांवरून. लग्नानंतर त्यांचं नाव बदलायची रीत होती, आणि माहेरी गेलं की जुन्या नावानेच हाक येई. माझ्या आजीला दोन्ही नावं होती, आणि ती दोन्हींना ‘ओ’ द्यायची.

खापरला परत आलो तेव्हा घरी पुरणपोळी होती, खापरावरची. मडक्याच्या पालथ्या पाठीवर पसरलेली, हातभर रुंद. खानदेशात हे सांगायला नको. पण मला खापर या शब्दाचाच मोह पडला आहे. फुटलेल्या मडक्याचा तुकडा. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे गावात बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली भारतीय पुरातत्त्व खात्याने १९५५ च्या सुमारास उत्खनन केलं. तिथे ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर निघाले आणि ते ओळखले गेले ते खापरांवरून. कुठल्या थरात कुठला रंग, कुठली नक्षी, काठ कसा वळवलेला. मडकं अख्खं मिळत नाही, तरी ते कुणाचं हे तुकडा सांगतो. मात्र तुकडा ज्या थरात सापडला तो थर नीट लिहून ठेवलेला असावा लागतो. उचलून दुसऱ्या थरात ठेवला की तो गप्प होतो. थापर प्रकाश्याला माती चाळत होते त्याच वर्षी अ‍ॅबिंग्डनमधून पहिली एमजीए बाहेर पडली. दोन्ही गोष्टींचा संबंध काही नाही, पण मला त्या एका वहीत लिहाव्याशा वाटतात.

मिस्तरी आता थकले आहेत. गॅरेज त्यांचा मुलगा बघतो. त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, ‘चालू केली का? आवाज कसा होता?’ मी म्हणालो, चांगला होता, जरा खाली बसलेला. ते म्हणाले, ‘मंग अँबेसिडरच.’ दोन दिवस हेड उतरवून, मापं घेऊन आम्ही जिथे पोचलो होतो तिथे ते खाटेवर बसून आले. मी पुण्यात आधी इंजिन सुरू करून नुसतं ऐकलंच नव्हतं. बॉनेट उघडं होतं आणि मी सरळ पाटीकडे गेलो होतो. डोळे आधी गेले.

मित्राने शेवटी गाडी विकली नाही. पाटी काढून ती त्याने कागदांच्या फायलीत ठेवली, आणि सोबत स्वतःच्या अक्षरात दोन ओळी: ही पाटी मूळ इंजिनाची, ते इंजिन आता नाही. सध्याचं इंजिन हिंदुस्तान अ‍ॅम्बॅसेडरचं, १४८९ सीसी. नोंदणीतही तसा बदल करायला त्याने अर्ज दिला आहे. नंबर शोधता शोधता ब्लॉकच्या खालच्या बाजूला, रंगाच्या तीन थरांखाली, ठोकलेले काही आकडे सापडले. ते पूर्ण वाचता येत नव्हते. पॉलिश पेपरने घासू नको, मी त्याला फोनवर सांगितलं. एक पातळ कागद लाव आणि पेन्सिल आडवी धर.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. कागदाच्या पट्टीवर काळ्यात पांढरे चार आकडे, पाचवा अर्धा. मी ती पट्टी वडिलांच्या आरसी बुकात ठेवली आहे.